ओढाळ कोण?

‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण मी शाळेत पाठ केली आणि पुढची तीस वर्षं ‘बैल पळाला तरी मालक आपला झोपलेलाच’ असा तिचा अर्थ लावत आलो. नुसता लावत आलो नाही, तर बँकेत तो खपवतही आलो. कर्जदार बिऱ्हाडासकट गाव सोडून गेल्यावर त्याच्या जुन्या पत्त्यावर तिसरी नोटीस निघाली, की मी पेन कानावर ठेवून म्हणायचो, “चला, बैल गेला, आता झोपा!” आणि आसपासची चार टेबलं हसायची. ती चारही टेबलं वाणिज्य शाखेची होती, हे मागाहून लक्षात आलं.

माझं हे अज्ञान गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या थोरल्या काकूने घालवलं. “मेल्या, झोपा म्हणजे झोप नव्हे,” ती म्हणाली. “झोपा म्हणजे गोठ्याचं दार. कामट्या नि काटक्या विणून करायचं. बैल गेल्यावर मग दार केलंन, असं आहे ते.” हे तिने सांगितलं तेव्हा आम्ही दोघं कोंडवाड्यासमोरच्या झाडाखाली बसलो होतो, कोंडवाड्यात आमच्या गाई होत्या, आणि अण्णा, म्हणजे काकूचा मुलगा आणि माझा चुलतभाऊ, दंडाची पावती करायला आत गेला होता. ही म्हण शिकायला याहून योग्य जागा मिळाली नसती.

मी स्वभावाने भांडखोर नाही. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. त्याच्या वाट्याचं सगळं भांडण काचेपलीकडची माणसं करून टाकतात. पण त्या दिवसापासून एका बाबतीत मी हटून बसलो आहे. कुंपणातून पळणाऱ्या गाईला सगळं गाव ‘ओढाळ’ म्हणतं. माझं म्हणणं असं, की ओढाळ गाय नव्हे. ओढाळ तिचा मालक, आणि त्याला तारेसाठी पैसे पुरवणारा त्याचा शहरातला भाऊ. यातला शेवटचा गृहस्थ मीच.

त्याचं असं झालं. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. घर खाली वाडीत आणि वर सड्यावर आमच्या वाटणीची एक एकर वरकस जमीन. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. श्रावणात तिथे इतकं गवत असतं, की गाय बसली तर शिंगं तेवढी दिसावीत. आणि मे महिन्यात तोच सडा म्हणजे चुलीवर विसरलेला तवा. अण्णाकडे तांबू, चांदी आणि कपिली अशा तीन गाई, आणि एक पाडी. पाडीला नाव नाही, कारण कुठल्याच हाकेला ती ओ देत नाही. सगळ्या आपल्या कोकणातल्या त्या बुटक्या, काटक, डोंगर चढणाऱ्या जातीच्या. या जातीला आता सरकारदरबारी ‘कोकण कपिला’ असं नाव मिळालं आहे. मी ही बातमी मोठ्या अभिमानाने काकूला सांगितली, तेव्हा तिने विचारलं, “नाव दिलंनी, पेंढा दिलंनी का?” या प्रश्नात पुढच्या सगळ्या लेखाचं सार होतं. पण मी बी.कॉम. असल्यामुळे मला ते कळायला एक कोंडवाडा लागला.

तीन वर्षांपूर्वी अण्णाचा फोन आला. “सड्याला तार मारून घेऊया. एकदा तार मारली, की गुरं आत सोडायची नि आपण मोकळे. एकच एकर तर आहे, तार ती किती लागणार?”

हा ‘किती लागणार’ प्रश्न भूमितीचा आहे, आणि भूमितीचं नि कोकणातल्या वाटण्यांचं फारसं सख्य नाही. एक एकर जमीन चौरस असली, तर तिची बाजू दोनशे नऊ फुटांच्या आत-बाहेर येते. सभोवार चार तारा ओढल्या, तर साधारण एक किलोमीटर तार पुरते. पण चौरस एकर मी फक्त पुस्तकात पाहिला आहे. आमचा एकर चार पिढ्यांच्या भाऊबंदकीतून वाहत आलेला. तो ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब. क्षेत्रफळ तेवढंच, गवत तेवढंच, पण चार तारांना लागते पावणेदोन किलोमीटर. आमच्या पूर्वजांनी वाटण्या करताना एकमेकांवर काय सूड उगवला असेल तो असो; खरा फायदा पुढे तारवाल्याचा झाला.

मी दिवाळीची उचल काढली. तार आली, सिमेंटचे खांब आले. कातळात खड्डे घ्यायला पहार चालेना म्हणून मशीनवाला आला. काम पुरं झाल्यावर अण्णाने फोटो पाठवला. आत गाई नसून राजबंदी ठेवले असावेत, असा एकूण थाट होता. पंधराव्या दिवशी राजबंदी शेजारच्या मास्तरांच्या आंब्याच्या बागेत सापडले.

आता मास्तरांवर मी एक अक्षरही वाकडं लिहिणार नाही. मास्तर पेन्शनीत निघाले आणि आलेल्या पैशातून त्यांनी सड्यावर हापूसची कलमं लावली. कलम लावणं म्हणजे काय, हे बाजारात पेटी घेणाऱ्याला कळत नाही. कातळ फोडून खड्डा घ्यायचा, त्यात बाहेरून आणलेली माती भरायची, उन्हाळ्यात घागरीने पाणी घालायचं, आणि पाच-सहा वर्षं फळाचं नाव काढायचं नाही. एवढं केल्यावर एके सकाळी आमच्या तांबूने येऊन शेंडा खाल्ला, तर मास्तरांनी तिची आरती ओवाळावी काय? त्यांनी गाई कोंडवाड्यात घातल्या. कायद्याप्रमाणे धरलेली गुरं चोवीस तासांत पोचती करायची असतात. मास्तरांनी एवढा वेळ घेतला नाही. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळेला गाई हजर होत्या.

हा कायदा १८७१ सालचा. इंग्रज गेले, कोंडवाडा राहिला. मी तो वाचला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण तो हुबेहूब आमच्या बँकेसारखा चालतो. जनावर जमा करून घ्यायचं, नोंद करायची, दंड लावायचा, शिवाय खुराकीचा खर्च वेगळा. सात दिवसांत मालक आला नाही तर दवंडी पिटून नोटीस. आणखी सात दिवस वाट पाहून लिलाव. लिलावाच्या पैशातून दंड नि खर्च वजा करून उरलेली रक्कम मालकाच्या नावे. सोनेतारणाचे नियम ज्याने केले, त्याने आधी हा कायदा वाचला असावा, अशी माझी खात्री आहे. सगळं चोख. रंग, शिंगं, संख्या, वेळ, सगळ्याला जागा आहे. फक्त ‘सदरहू गाय का आली?’ हे विचारण्याची सोय नाही.

आणि नेमका तोच रकाना भरायचा राहिल्यामुळे आमच्या गावात एक पक्ष माजला आहे. मी त्याला तारवादी पक्ष म्हणतो. या पक्षाचा जाहीरनामा एका ओळीचा: गाय पळाली, तार वाढवा. चार तारांतून गेली तर सहा करा, सहातून गेली तर आठ करा, आणि तरीही गेली तर गळ्यात लोढणं बांधा. लोढणं म्हणजे ओढाळ जनावराच्या गळ्यात अडकवायचा लाकडाचा ओंडका. चालताना तो पायांत येतो, म्हणजे धावायला नको. अण्णा या पक्षाचा कार्यकर्ता, तारेचा दुकानदार आश्रयदाता, आणि आमच्याच शाखेतले शेतीकर्ज बघणारे साहेब म्हणजे पक्षाचे अर्थमंत्री. साहेबांना मी एकदा विचारलं, “साहेब, तारेला कर्ज देता, तसं गवताला देता का?” ते म्हणाले, “गवत तारण म्हणून कसं धरणार? ते खाल्लं जातं.” एवढं निर्मळ उत्तर मला बँकेत दुसरं ऐकायला मिळालेलं नाही.

तेव्हा मी रजा चार दिवसांनी वाढवली आणि सड्यावर करवंदाच्या जाळीआड बसून गाईंचं लेखापरीक्षण केलं. लोकांना वाटलं, पुण्याच्या उन्हाने याच्या डोक्यावर परिणाम झाला. काकूने मात्र तांब्याभर ताक आणि डोक्याला बांधायला पंचा दिला. चार दिवसांत गाई सहा वेळा बाहेर गेल्या. तपशील असा.

तीन वेळा त्या दारातून गेल्या. आमच्याकडे दाराला बेडं असतं. दोन बाजूंना भोकं पाडलेले दोन खांब आणि त्यांत आडवे सरकवायचे तीन बांबू. आत जाताना तीन काढायचे, बाहेर येताना तीन घालायचे. हे काम अण्णा ‘दोन पुरेत’ म्हणून उरकायचा. तिसऱ्या बांबूच्या जागेतून पाडी जायची, आणि पाडी गेली की बाकीच्यांना आपण मागे राहिल्याचं वाईट वाटायचं. गाय हे कळपाचं जनावर. एकटीने आत राहण्यापेक्षा सगळ्यांबरोबर कोंडवाड्यात राहणं तिला अधिक प्रतिष्ठेचं वाटतं.

एकदा व्हाळाच्या जागी. पावसात तारेखालची माती वाहून गेली होती आणि तिथे कमरेएवढी घळ पडली होती. तार वर जागच्या जागी होती. तांबू मान खाली घालून तिच्याखालून गेली, आणि तारेला धक्कासुद्धा लागला नाही.

आणि दोन वेळा कपिलीने कोपऱ्यातला खांब रेटून वाट केली. सगळ्या तारांचा ताण कोपऱ्यावर येतो, म्हणून कोपऱ्याचा खांब जाड हवा आणि त्याला तिरका टेकू हवा. आमच्याकडे टेकू अंदाजपत्रकात होता, जमिनीवर नव्हता. शिवाय कपिली ही हौसेने जात नव्हती. तिचं वासरू खाली गोठ्यात बांधलेलं. दुपारी चारनंतर तिची कास ताठायची आणि ती घराकडे तोंड करून हंबरायला लागायची. अण्णा यायचा सहाला. आता मला सांगा, बँक सुटायच्या वेळेनंतर दोन तास मला काटेरी तारेत उभं केलं, तर मीसुद्धा खांब उपटणार नाही काय?

एकूण सहा. यांत पावणेदोन किलोमीटर तारेच्या मधल्या भागातून गेलेल्या गाई किती? शून्य. म्हणजे आम्ही जिथे पैसा घातला, तिथून गाय गेलीच नाही. जिथे आळस केला, तिथून गेली. बँकेतली अफरातफर अशीच होते. तिजोरी कोणी फोडत नाही. तिजोरी जागच्या जागी शाबूत असते. सही न बघता पुढे सरकवलेल्या एखाद्या कागदाखालून पैसे निघून जातात.

पण हा झाला ‘कुठून’चा हिशेब. खरा रकाना ‘का’चा. त्याचा हिशेब मी पेन्सिलीने करवंदाच्या जाळीआडच केला. सव्वादोनशे-अडीचशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा लागतो. मोठ्या गाई तीन, आणि पाडी खाण्यात कोणाला हार जात नसल्यामुळे धरू चार. दिवाळीच्या सुमारास सडा वाळायला लागतो, तिथून पाऊस येईपर्यंत धरा दोनशे चाळीस दिवस. सहा किलोंप्रमाणे चौघींचे होतात ५,७६० किलो, म्हणजे पावणेसहा टन. शिवाय उन्हात प्रत्येकीला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी. याच्यासमोर आमची जमेची बाजू काय? मे महिन्यात एक एकर कातळ, त्यावर एक वाळलेला गवताचा झुबका, तोही तारेपलीकडे, आणि पाणी शून्य. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आम्ही गाईंना कुरणात ठेवलं नव्हतं. रिकाम्या ताटाभोवती रांगोळी काढून त्यांना ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत होतो.

कुरणावरून आठवलं. हल्ली वर्तमानपत्रं उघडली, की या योजनेचं नि त्या खात्याचं ‘चराऊ कुरण’ झाल्याच्या बातम्या दिसतात. म्हणजे कुरणं आहेत आणि त्यांत चरणारेही आहेत. त्यांना कोणी तार मारत नाही, लोढणं बांधत नाही, आणि त्यांचा कोंडवाडाही कधी भरत नाही. ज्यांच्यासाठी कुरण हा शब्द निघाला, त्या चार पायांच्या मंडळींना तेवढी जागा राहिली नाही.

तुम्ही म्हणाल, पूर्वी कुठे होती कुंपणं? बरोबर आहे, पूर्वी कुंपण पिकाला असे, गुराला नसे. भात कापून झालं, की आमच्याकडे गुरं उनाड सोडायची पद्धत होती. दाव्यातून सुटलेलं गुरू सड्यावरून हवं तिथे फिरायचं, संध्याकाळी आपलं घर आपण शोधायचं. ज्याला आगर, परसू, वालाचा मळा राखायचा असेल त्याने गडगा घालावा. हा अलिखित करार होता, आणि सडा मोकळा होता तोवर तो चाललाही. मग १९९० साली रोजगार हमीतून फळबागांची योजना आली आणि वरकस जमिनींवर आंबा-काजूची लागवड झाली. चांगलंच झालं, चार घरांत पैसा आला. पण गाईंना कोणी सांगितलं नाही, की काल जे रान होतं ते आजपासून बाग आहे. करार मोडला आणि एका बाजूला नोटीसच गेली नाही. बँकेने असं केलं असतं तर ग्राहक मंचाने आमची चामडी लोळवली असती.

म्हणून आज गुरं मोकाट सोडणाऱ्याची मी बाजू घेत नाही. दूध काढून घ्यायचं नि दार उघडून ‘जा, मास्तरांकडे जेव’ म्हणायचं, याला गोपालन म्हणत नाहीत. जनावर आपलं, तर त्याला अडवायचं कामही आपलं. माझं भांडण अडवण्याशी नाही, नुसत्या तारेने अडवण्याशी आहे.

ही काटेरी तार इथली नव्हेच. अमेरिकेत इलिनॉय संस्थानात ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ साली तिचं पेटंट घेतलं. तिकडच्या माळरानांवर मैलोगणती ना लाकूड ना दगड, तेव्हा त्या बिचाऱ्यांना तारेशिवाय गती नव्हती. आम्ही उभे जांभ्यावर, बसतो जांभ्यावर, आणि कुंपणासाठी तार विकत आणतो! बरं, दगड रचायला माणसं नाहीत म्हणा. पण निर्गुडी आहे, अडुळसा आहे, मोगली एरंड आहे. यांना गुरू तोंड लावत नाही, म्हणून आजोबा-पणजोबा त्यांचीच वई करत. गिरिपुष्पाचा दांडा पावसाच्या तोंडावर रोवला तर त्याला पालवी फुटते. म्हणजे खांब स्वतःच वाढतो, वर खताला पालाही देतो. सिमेंटच्या खांबाला इतक्या वर्षांत पालवी फुटल्याचं ऐकिवात नाही.

तारवाद्यांचं नवं अस्त्र म्हणजे झटका मशीन. त्याला मी सरसकट नावं ठेवत नाही. बॅटरीवरचं चांगलं यंत्र सेकंदा-सव्वासेकंदाने एकदा, डोळ्याचं पातं लवायच्या आत एक ठोका देतं. गाय दचकते, इजा होत नाही, आणि दोन-चारदा नाकाला चटका बसला की ती तारेशी सलगी सोडते. पण त्याला जमिनीत चांगलं अर्थिंग लागतं. पावसात तारेला गवत टेकलं की वीज गवतातून जमिनीत पसार, आणि मे महिन्यात कोरड्या कातळावर अर्थिंगच मिळत नाही. म्हणजे जेव्हा गवत आहे तेव्हा यंत्र लंगडं, आणि गवत नसताना गाय उपाशी म्हणून यंत्राला जुमानत नाही. आणि काही महाभाग यंत्राचे पैसे वाचवायला घरातली वीजच सरळ तारेत सोडतात. ते कुंपण नव्हे, तो सापळा आहे. त्यात गाय मरते, शेजाऱ्याचं पोर मरतं, पुष्कळदा सकाळी बघायला गेलेला मालकही मरतो. इथे मला विनोद सुचत नाही.

विनोद न सुचण्याचा आणखी एक प्रसंग त्याच मुक्कामात आला. शेवटच्या दिवशी तांबू पुन्हा मास्तरांच्या बागेत शिरली. अण्णा आणि मी काठ्या घेऊन आरडाओरडा करत धावलो. ती घाबरली, दार सोडून सरळ तारेवर आली आणि खांद्यापासून पोटापर्यंत चिरली गेली. एरवी शहाणपणाने तार टाळणारी गाय, ती आम्ही तारेत घातली. गुरांच्या डॉक्टरांनी टाके घातले, माश्या बसू देऊ नका, अळ्या पडतील, म्हणून बजावलं. अण्णा ओसरीवर बसून म्हणाला, “पुरे झालं. पावसाआधी चारही विकून टाकतो. दूध पिशवीतनं आणू.” काकू काही बोलली नाही. त्या रात्री ती अर्धा भात ताटात ठेवून उठली आणि कंदील घेऊन गोठ्यात गेली. विजेचा दिवा गोठ्यात आहे, पण जखमी जनावराकडे कंदील घेऊनच जायचं, अशी तिची रीत. लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्या गोठ्यात गाय नाही असं एकदाही झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे माफी मागायला गेलो. ते मला बाग दाखवायला घेऊन गेले, म्हणजे नुकसान दाखवायला. तीन शेंडे गेले होते. पण माझं लक्ष कलमांकडे राहिलंच नाही. कलमांच्या मधून कमरेएवढं वाळलेलं गवत उभं होतं. “हे कापत नाही का?” मी विचारलं. मास्तर उसळले. “कोण कापणार? माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. फाल्गुनापासून रात्री झोप नाही मला. कोणी विडी टाकली नि वणवा लागला, की बाग संपली. चार वर्षांपूर्वी तेरा कलमं अशीच गेली. तुमच्या गाईंनी तीनच शेंडे खाल्लेनी, गवताने तेरा झाडं खाल्लीत!”

मी तिथे उभ्या उभ्या थरथरलो. आयुष्यात एकदाच माझं बी.कॉम. कामाला आलं. एकाच्या नावे, ते दुसऱ्याच्या जमा! तारेच्या त्या बाजूला गवत म्हणजे धोका, या बाजूला गवत म्हणजे जेवण. दोन वर्षं दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती, मधे पावणेदोन किलोमीटर तार, आणि हा ताळेबंद त्या गावात फक्त तांबूला जुळला होता. तीच बिचारी रोज येऊन आपल्या परीने गवत कमी करत होती. मधे लागलेले तीन शेंडे ही कारकुनी चूक.

पुढचं थोडक्यात. त्या महिन्यापुरता पेंढा विकत घेतला. त्या दिवाळीला गवत पुरतं वाळायच्या आत अण्णा नि मी मास्तरांच्या बागेत विळे घेऊन उतरलो. माझं कापलेलं गवत गाईंनीसुद्धा जरा निरखून पाहिलं. पण उडवी रचली, बाग मोकळी झाली, फाल्गुनात मास्तर झोपले. कोपऱ्याच्या खांबाला टेकू दिला, व्हाळाची घळ दगडांनी बुजवली, पाण्याची डोण बसवली. एकराचे तीन भाग करून गाई पाळीपाळीने एकेका भागात ठेवल्या, म्हणजे बाकीच्या दोन भागांत गवताला डोकं वर काढायला उसंत. कपिलीला चारच्या ठोक्याला घरी. नवी तार एक फूटभरही घेतली नाही. उलट तांबू चिरली तिथली खालची तार काढून गिरिपुष्प रोवलं. गाई विकायचा विषय अण्णाने पुन्हा काढला नाही, आणि कोंडवाड्यात वर्षभर आमची पावती फाटली नाही.

म्हणून तारवादी पक्षाला माझं एवढंच सांगणं आहे: कुंपण ही शिक्षा नव्हे, तो करार आहे. ‘तू बाहेर जाणार नाहीस’ हे गाईने लिहून द्यायचं, तर ‘आत तुला उपाशी ठेवणार नाही’ यावर आधी आपली सही हवी. ती सही नसेल, तर गाय पळते तेव्हा ती मोडते फक्त तार. करार आपण आधीच मोडलेला असतो.

हे सगळं मी याच शब्दांत यंदाच्या मे महिन्यात सड्यावर अण्णाला, मास्तरांना आणि वाडीतल्या चार माणसांना ऐकवत होतो. मंडळी ऐकत होती. मधेच मास्तरांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि चष्मा पुसला. मी वळलो. बेड्यातून शेवटचा आत आलेला मी. तिन्ही बांबू जमिनीवर, आणि पाडीचं शेपूट मास्तरांच्या बागेच्या दिशेने दिसेनासं होत होतं.

“काकू,” अण्णा शांतपणे म्हणाला, “ते लोढणं कुठे ठेवलंयस गो?”

“गोठ्याच्या मागे आहे,” काकू म्हणाली. “पण पाडीला नको हो. याच्या गळ्यात घाल.”